इंग्रजी शब्दामागे कुठलं प्रिपोझिशन? आपला 'वर', 'शी', 'चा' कुठे चकवतो ते इथे गोळा करूया

सुरंगी, देवगड

नमस्कार मंडळी. संध्याकाळी आमच्या पडवीत आठवी ते दहावीची चौदा मुलं इंग्रजीला येतात. गेल्या आठवड्यात एका मुलीने वहीत लिहिलं होतं 'टीचर इज अँग्री ऑन मी'. मी 'ऑन' खोडून 'विथ' केलं. तिने तिथल्या तिथे विचारलं, ताई, पण राग तर कोणाच्या तरी वरच असतो ना, मग ऑन का नाही? मी म्हटलं इंग्रजीत तसंच आहे, पाठ कर. ती गप्प बसली पण तिचा चेहरा काही पटल्यासारखा नव्हता, आणि खरं सांगायचं तर मलाही ते उत्तर रात्रभर टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी चौदाही वह्या घेऊन बसले, जिथे जिथे प्रिपोझिशन चुकलंय तिथे खाली पेन्सिलीने रेघ मारत गेले. माझी समजूत होती की मुलं अंदाजपंचे काहीही ठोकतात. तसं अजिबात नाही हो! 'मॅरीड विथ', कारण लग्न कोणाशी तरी होतं. 'आन्सर ऑफ द क्वेश्चन', कारण प्रश्नाचं उत्तर. 'सोल्यूशन ऑन', कारण एखाद्या गोष्टीवर उपाय. 'गुड इन मॅथ्स', कारण गणितात हुशार. 'सीनियर दॅन मी', कारण माझ्यापेक्षा मोठा. एकूण एक चूक म्हणजे आपल्या मराठी विभक्तीचं सरळ भाषांतर आहे, पोर डोकं चालवतंय म्हणूनच चुकतंय.

मग मी आपल्या मराठीकडेच बघितलं. कुत्र्याची भीती वाटते, कुत्र्यावर राग येतो, कुत्र्याशी खेळतो, कुत्र्याला कंटाळतो. भीतीला 'ची' आणि रागाला 'वर' का, हे आपल्याला कोणी कधी समजावलंय का? आईच्या कडेवर असताना कानावर पडलं आणि बसलं. म्हणजे प्रत्येक शब्द आपापली शेपटी घेऊनच येतो, मराठीतही आणि इंग्रजीतही, फक्त दोघांच्या शेपट्या जुळत नाहीत. समुद्र 'तो' आणि खाडी 'ती' हे आपण शब्दाबरोबरच शिकतो ना, तसं 'अँग्री' शिकतानाच 'अँग्री विथ' शिकायला हवं असं मला वाटायला लागलंय.

तर विनंती अशी की तुम्हाला कामात, पत्रात, परीक्षेत जे शब्द अडले ते इथे लिहा. नुसती यादी नको, कुठे अडलं आणि काय कळलं ते लिहा. मुलांना वाचून दाखवणार आहे.

---

डोलकाठी, गुहागर

ताई, विषय अगदी माझ्या पोटापाण्याचा काढलात. मी बोटीवर डेक ऑफिसर आहे, सध्या सुट्टीवर घरी आलोय. आमच्याकडे रेडिओवर बोलायची वाक्यं ठरलेली असतात, आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ साली मंजूर केलेली, कारण बोटीवर फिलिपिनो, युक्रेनचा, आपला असे सगळे असतात आणि प्रत्येकजण आपापल्या भाषेच्या वळणाने इंग्रजी बोलतो. ती वाक्यं पाठ करताना मला एक गोष्ट पहिल्यांदा लख्ख कळली.

बोट उलटायला आली तर म्हणायचं 'आय अ‍ॅम इन डेंजर ऑफ कॅप्साइझिंग'. आणि पाण्यात एखादं ओंडकं तरंगतंय, येणाऱ्या-जाणाऱ्या बोटींना धोका आहे, तर 'डेंजर टू नेव्हिगेशन'. शब्द तोच, डेंजर. मराठीत 'उलटण्याचा धोका' आणि 'जहाजांना धोका', म्हणजे बघा आपणही इथे 'चा' आणि 'ना' वेगळे ठेवतोच. 'ऑफ'च्या मागे काय घडेल ते येतं, 'टू'च्या मागे कोणाला भोगावं लागेल ते येतं. माझ्या पहिल्या तोंडी परीक्षेत मी 'डेंजर ऑफ नेव्हिगेशन' बोललो होतो, म्हणजे नौकानयन होण्याचाच धोका! परीक्षकांनी तीनदा परत बोलायला लावलं आणि मला चूक काय तेच कळत नव्हतं.

हीच किल्ली बाकी ठिकाणीही लागते. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं तेव्हाची बातमी इंग्रजीत लिहायची तर 'थ्रेट ऑफ अ सायक्लोन' पण 'थ्रेट टू फिशरमेन'. 'रिस्क ऑफ फ्लडिंग' पण 'रिस्क टू लाइफ'. आणि त्यानंतर जे झालं ते 'डॅमेज टू हाउसेस', 'डॅमेज टू कोकोनट ट्रीज'. मराठीत घरांचं नुकसान म्हणून 'डॅमेज ऑफ हाउसेस' तोंडात येतं, ते टाळायचं. नुकसान ज्याला झालं तो 'टू'च्या मागे.

अजून एक, मुंबईला निघालेली बोट 'बाउंड फॉर मुंबई' असते, 'बाउंड टू' नाही. 'बाउंड टू' म्हटलं की अर्थ बांधील असा होतो किंवा नक्की होणार असा होतो.

---

माडाच्या सावलीत, तारकर्ली

ताईनू, गजाल बरी काढलास. माझा होमस्टे असा, पावण्यांचे मेसेज सगळे इंग्रजीत येतत आणि उत्तर देताना माका बरोब्बर हयच अडाक होता. आमच्या मालवणीत माका, तुका, घराक, बाजाराक, सगळीकडे एकच 'क' लावला की भागता, इंग्रजीत तसा भागणा नाय. आता सगळ्यांका कळाक व्हया म्हणान पुढचा प्रमाण मराठीत लिहितंय.

मागच्या डिसेंबरात एका बाईंचा मेसेज आला, मुलगा 'अ‍ॅलर्जिक टू प्रॉन्स' आहे म्हणून. आपण म्हणतो कोळंबीची अ‍ॅलर्जी, मी आयुष्यभर 'अ‍ॅलर्जी ऑफ' म्हणत आलो होतो. त्यांचं वाक्य मी एका जुन्या वहीत उतरवून ठेवलं आणि तेव्हापासून सवयच लावून घेतली, इंग्रजी चांगलं असलेल्या पाव्हण्याने लिहिलेलं वाक्य तसंच्या तसं वहीत. त्यातून जमलेलं थोडं देतो. घर समुद्राला जवळ असेल तर 'क्लोज टू द बीच', पण 'नियर' लिहिलं तर मागे 'टू' नको, नुसतं 'नियर द बीच'. लांब असेल तर 'फार फ्रॉम'. समुद्र दिसतो म्हणजे 'अ व्ह्यू ऑफ द सी'. मालवण किल्ल्यासाठी प्रसिद्ध म्हणजे 'फेमस फॉर'. म्हाताऱ्यांना सोयीचं, 'सुटेबल फॉर'. खोलीभाड्यात नाश्ता धरलाय, 'इन्क्लूडेड इन'. भाड्यावर सूट, 'डिस्काउंट ऑन', इथे आपला 'वर' बरोबर बसतो.

आता माझा प्रश्न. एक परदेशी पाव्हणे जेवायला बसले होते. बसायचं बाकडं फणसाच्या लाकडाचं आहे, त्यांनी विचारलं कशाचं, मी म्हटलं 'मेड फ्रॉम जॅकफ्रूट वुड'. मग सोलकढी विचारली, मी म्हटलं 'मेड ऑफ कोकम अँड कोकोनट मिल्क'. ते काही बोलले नाहीत पण नंतर बोलताना त्यांनी बरोब्बर उलटं वापरलं, बाकडं 'ऑफ', सोलकढी 'फ्रॉम'. तेव्हापासून डोक्यात आहे, ह्यात फरक काय?

---

निवृत्त मास्तर, चिपळूण

होमस्टेवाले, तुमच्या पाव्हण्यांचं बरोबर होतं. बाकडं बघितलं की लाकूड लाकूडच दिसतं, वस्तू झाली तरी मूळ पदार्थ तसाच आहे, तिथे 'मेड ऑफ'. आमसुलं आणि नारळाचं दूध एकत्र झाल्यावर वाटीत आमसूल वेगळं दाखवता येत नाही, रूप पालटलं, तिथे 'मेड फ्रॉम'. आणि आमटीत बाकी सगळं आहेच पण त्यात तिरफळंही आहेत हे सांगायचं असेल तर 'मेड विथ'. ही रेघ काही लोखंडाची नाही, पण नव्वद वेळा ह्याने काम होतं. ह्याच जातीची दुसरी जोडी म्हणजे 'फुल ऑफ' आणि 'फिल्ड विथ'. टोपली माशांनी भरलेली आहे म्हणून मुलं 'फुल विथ फिश' लिहितात. 'फुल'ला 'ऑफ', 'फिल्ड'ला 'विथ'.

सुरंगीताई, मी छत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. तुम्ही शेपटीचं म्हणालात ते मला फार आवडलं, पण काही शेपट्यांना कारणं आहेत आणि ती मुलांना सांगितली तर पाठांतर निम्मं होतं. तीन सांगतो.

पहिलं कारण लॅटिनचं. सुपीरियर, इन्फीरियर, सीनियर, ज्युनियर, प्रायर. हे शब्द लॅटिनमधून आले आणि त्यांच्या स्पेलिंगमधल्या शेवटच्या 'आय-ओ-आर'मध्येच लॅटिनचा 'पेक्षा' बसलेला आहे. पोटात एकदा 'पेक्षा' आहे मग 'दॅन' लावून दुसरा 'पेक्षा' कशाला? म्हणून 'सीनियर टू मी', 'प्रायर टू दॅट'. 'प्रिफर'ही लॅटिनचंच, 'आय प्रिफर फिश टू मटण'. हे एकदा फळ्यावर लिहिलं की मुलं वर्षभर विसरत नाहीत, मी बघितलंय.

दुसरं कारण क्रियापद आणि नाम ह्यांचं. ह्यावर मी सगळ्यात जास्त जोर देईन कारण शिकलेली माणसंही इथेच घसरतात. 'डिस्कस' हे क्रियापद, त्याला मागे काहीच लागत नाही. 'वी डिस्कस्ड द प्रॉब्लेम', संपलं. पण त्याचंच नाम केलं की लागतं, 'अ डिस्कशन अबाउट द प्रॉब्लेम'. आपण म्हणतो प्रश्नावर चर्चा केली, म्हणजे आपली चर्चा नामच आहे आणि 'केली' वेगळं आहे. तो 'वर' नामाचा आहे आणि आपण तो इंग्रजी क्रियापदाला चिकटवतो, मग 'डिस्कस्ड ऑन', 'डिस्कस्ड अबाउट' असलं काहीतरी होतं. 'एंटर'चंही तसंच, खोलीत प्रवेश केला म्हणून 'एंटर्ड इन द रूम'. नाही, 'एंटर्ड द रूम', पण 'एंट्री टू द फोर्ट'. 'विझिटेड मालवण' पण 'अ विझिट टू मालवण'. 'लॅक्स वॉटर' पण 'लॅक ऑफ वॉटर'. 'रिक्वेस्टेड लीव्ह' पण 'रिक्वेस्ट फॉर लीव्ह'. 'मॅरीड हिम' पण 'मॅरीड टू हिम', कारण दुसऱ्यात 'मॅरीड' विशेषण झालं. मुलांना दोन रकाने आखायला सांगा, डावीकडे क्रियापद उघडंबोडकं, उजवीकडे नाम शेपटीसकट.

तिसरं, एकाच विशेषणाला दोन-तीन प्रिपोझिशनं चालतात तिथे अर्थ बदलतो, तिथे चूक-बरोबर नाही, काय म्हणायचंय ते महत्त्वाचं. 'गुड अ‍ॅट स्विमिंग' पोहण्यात तरबेज. 'गुड फॉर यू' तब्येतीला चांगलं. 'गुड टू मी' माझ्याशी चांगला वागणारा. 'टायर्ड फ्रॉम रोइंग' वल्हवून दमलो, 'टायर्ड ऑफ रोइंग' वल्हवायला कंटाळलो, पहिल्याला झोप पुरेल, दुसऱ्याला धंदा बदलावा लागेल. 'फॅमिलियर विथ' मी ज्याला ओळखतो ते, 'फॅमिलियर टू' मला जे ओळखीचं वाटतं ते, दोन्हींत कर्ता उलटा होतो.

---

कातळसडा, राजापूर, सध्या पुणे

सगळ्यांचा आदर ठेवून एक विचारतो. मी दहा वर्षं कंपनीत रोज पन्नास मेल लिहितोय, 'डिस्कस अबाउट' शेकडो वेळा लिहिलं असेल, समोरच्याला कळतं, काम होतं. इतकी माणसं भारतात असं बोलतात तर ते आपलं इंग्रजी झालं ना? खेड्यातल्या मुलांना आधीच इंग्रजीची धास्ती असते, त्यात आणखी हे ऑन-ऑफचं भूत मानेवर बसवलं तर ती तोंडच उघडणार नाहीत अशी मला मनापासून भीती वाटते. मी स्वतः बारावीपर्यंत ह्याच धास्तीने वर्गात एक वाक्य बोललो नाही.

---

सुरंगी, देवगड

दादा, तुमचं म्हणणं मला लागलं, कारण तशी दोन मुलं माझ्याही वर्गात आहेत. बोलताना मी कधीच अडवत नाही, बोलू दे काय ते. लिहिताना मात्र अडवते, आणि का ते सांगते.

आमची हापूसची बाग आहे, भाऊ बघतो, इंग्रजी पत्रं मी लिहायला लागले त्याआधी तो स्वतःच लिहायचा. एका पेटीचा भाव २५०० ठरला होता. एका बाहेरच्या व्यापाऱ्याने जास्त माल घेतो म्हटलं तेव्हा भावाने पेटीमागे ३०० कमी करायचं कबूल केलं आणि लिहिलं 'अ रिडक्शन टू ३०० रुपीज'. त्याला म्हणायचं होतं ३०० ची कपात. झालं काय, तर ३०० पर्यंत कपात! समोरून उत्तर आलं की ३०० प्रमाणे चाळीस पेट्या पाठवा. तो माणूस काही लबाड नव्हता असं मी अजून मानते, त्याने जे वाचलं तेच लिहिलं. पण ते निस्तरायला आठवडा गेला, आंबा काही आठवडा थांबत नाही, आणि त्यातल्या बऱ्याच पेट्या शेवटी कॅनिंगच्या, म्हणजे रस डब्यात भरणाऱ्या कारखान्याच्या पडेल भावाने गेल्या. 'ऑफ' हवं होतं. 'रिडक्शन ऑफ ३००' म्हणजे ३०० ची, 'रिडक्शन टू २२००' म्हणजे २२०० वर आणून ठेवलं, आणि कशात कपात ते सांगायला 'इन', 'रिडक्शन इन प्राइस'. 'इन्क्रीझ'ला, 'राइझ'ला, 'ड्रॉप'ला सगळ्यांना हेच तीन. क्रियापद केलं तर 'रिड्यूस्ड बाय ३००'.

म्हणून म्हणते, 'डिस्कस अबाउट'ने कोणाचं नुकसान होत नाही हे खरं, पण कुठल्या चुकीने नुकसान होतं आणि कुठल्या नाही हे मुलांना आधी कसं कळणार? त्या दिवशी भावाला कळलं नाही.

आणि सर, तुमचे दोन रकाने काल आखले. वहीत नाही, पडवीच्या भिंतीवर खडूने. मुलांनी स्वतःहून 'आन्सर द क्वेश्चन' आणि 'आन्सर टू द क्वेश्चन' शोधून काढलं!

---

कातळसडा, राजापूर, सध्या पुणे

ताई, पेटीचं वाचून पटलं. बोलताना न अडवता लिहिताना अडवायचं हे मला तेव्हा कोणी केलं असतं तर बरं झालं असतं. एक मात्र राहून राहून वाटतं, 'डिफरंट'चं काय? आमच्या ऑफिसात अमेरिकेची माणसं 'डिफरंट दॅन' म्हणतात, लंडनची 'डिफरंट टू', आणि शाळेत आम्हाला 'डिफरंट फ्रॉम' एवढंच बरोबर म्हणून शिकवलं.

---

निवृत्त मास्तर, चिपळूण

तिन्ही चालतात, पण मुलांना 'फ्रॉम'च शिकवावं कारण ते जगात कुठेही खटकत नाही. फाउलर म्हणून एक इंग्रज कोशकार होऊन गेले, इंग्रजी नीट कसं लिहावं ह्यावर त्यांचा शब्द प्रमाण मानतात. त्यांनीच १९२६ साली लिहून ठेवलं की 'डिफरंट'ला 'फ्रॉम'च लागतं आणि 'टू' चालतच नाही ही अंधश्रद्धा आहे. शंभर वर्षं होत आली. तेव्हा कोणी 'डिफरंट टू' लिहिलं म्हणून मी कधी लाल रेघ मारली नाही, 'सीनियर दॅन'वर मात्र मारली.

ओघात अजून एक जुना धाक काढून टाकतो. आमच्या पिढीला शिकवलं की वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन येता कामा नये. १६७२ साली ड्रायडन नावाच्या कवीने आपल्या आधीच्या एका नाटककाराच्या ओळीत हा दोष काढला आणि पुढे तो शाळेच्या व्याकरणात शिरून बसला. इंग्रज बिनदिक्कत म्हणतात 'व्हॉट आर यू अफ्रेड ऑफ?' 'हू इज शी अँग्री विथ?' ह्या धाकाने आपली मुलं शेवटचं 'ऑफ', 'विथ' गिळूनच टाकतात आणि 'व्हॉट आर यू अफ्रेड?' असं अर्धं वाक्य उरतं. मराठीत 'कशाची', 'कोणावर' असं प्रत्यय प्रश्नाच्या शब्दालाच चिकटून पुढे जातो, म्हणून मागे काही राहिलंय हे आपल्या कानाला जाणवत नाही. मुलांना सांगा, शेपटी वाक्याच्या टोकाला गेली तरी तुटता कामा नये.

आणि शब्दकोश कसा बघायचा तेही शिकवा. हॉर्नबी नावाचे इंग्रज शिक्षक जपानात शिकवायचे, तिथल्या मुलांना नेमकं हेच अडत होतं, कुठल्या शब्दापुढे काय. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी परक्या विद्यार्थ्यांसाठी म्हणून जो शब्दकोश केला तो १९४२ साली टोकियोत छापला आणि पुढे ऑक्सफर्डने घेतला. आज आपल्याकडे ऑक्सफर्डचा जो विद्यार्थ्यांसाठीचा जाडजूड कोश मिळतो त्याचं मूळ ते. त्यात अर्थाच्या आधी एक छोटी नागमोडी खूण आणि पुढे 'विथ', 'ऑफ', 'टू' असं छापलेलं असतं. मुलं अर्थ वाचतात आणि ती खूण ओलांडून जातात. तिच्यावर बोट ठेवायला शिकवा.

---

डोलकाठी, गुहागर

सर, नागमोडी खूण आत्ता कपाटातून कोश काढून बघितली. वीस वर्षं कोश घरात आहे, ती खूण कशासाठी ते आज कळलं.

ताई, पत्रांचं निघालंच आहे तर एक. 'लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू' असं आमची अर्धी पोरं अर्जात लिहितात. तिथला 'टू' हा प्रिपोझिशन आहे, त्यामुळे मागे 'हिअरिंग' पाहिजे. 'कमिटेड टू सप्लायिंग', 'यूज्ड टू वर्किंग अ‍ॅट नाइट' तसंच. खात्री करायला मी 'टू'च्या मागे एखादं नाम ठेवून बघतो, 'लुकिंग फॉरवर्ड टू युवर लेटर' जमतं, म्हणजे क्रियापदाला 'इंग' लागणार.

---

सुरंगी, देवगड

पंधरा दिवस झाले धागा काढून, आता भिंतीवर काय जमलंय ते लिहिते.

आम्ही इंग्रजीकडून न जाता आपल्या प्रत्ययाकडून गेलो. आधी 'वर' घेतला. मुलांना सांगितलं, मराठीत ज्याच्यामागे 'वर' येतो असे शब्द आठवा आणि इंग्रजीत 'ऑन' चालतं का कोशात बघा. मला वाटत होतं 'वर' सगळीकडे दगा देणार. तसं निघालं नाही! मासेमारीवर बंदी, 'बॅन ऑन'. मालावर कर, 'टॅक्स ऑन'. पिकावर परिणाम, 'इफेक्ट ऑन'. हल्ला, भर, खर्च सगळे 'ऑन'. पावसावर अवलंबून, 'डिपेंडंट ऑन'. दगाबाज निघाले ते थोडेच. राग 'विथ', विश्वास 'इन', उपाय 'टू', टीका 'ऑफ', प्रेम 'फॉर'. मग तेवढेच पाठ करायचे, बाकीच्यांना आपली मराठीच सांभाळून घेते. हे कळल्यावर मुलांचा जीव भांड्यात पडला. फक्त एक चमत्कारिक सापडलं, 'डिपेंडंट ऑन' पण 'इंडिपेंडंट ऑफ'. ते वेगळ्या रंगाच्या खडूने लिहिलंय.

'शी'चं उलट झालं. 'विथ' अगदी थोड्यांनाच चाललं, 'अ‍ॅग्री विथ' वगैरे. आपण कोणाशी कसं वागतो ते सांगणारे शब्द घेतले, प्रेमाने, उद्धटपणे, नम्रपणे, क्रूरपणे, आणि इंग्रजीत सगळ्यांना 'टू' निघालं. 'काइंड टू', 'रूड टू', 'पोलाइट टू', 'क्रुएल टू', 'लॉयल टू'. त्यात 'मॅरीड टू' आणि 'रिलेटेड टू' जोडून टाकलं, सोयरिकीचे दोन्ही. एवढा एकसारखा गठ्ठा दुसरा कुठलाच मिळाला नाही.

'चा' मात्र किचकट आहे. अभिमान, मत्सर, जाणीव, भीती, टंचाई ह्यांना आपल्यासारखंच 'ऑफ'. पण मागणी, गरज, इच्छा, म्हणजे जे अजून मिळालेलं नाही, त्यांना 'फॉर'. 'डिमांड फॉर मँगोज'. आणि उत्तर, किल्ली, आमंत्रण, हक्क ह्यांना 'टू'. 'कारण'ने तर आम्हाला तासभर बसवलं, 'कॉज ऑफ' पण 'रीझन फॉर', मराठीत एकच शब्द. आगीचं कारण शॉर्टसर्किट, ते 'कॉज'. उशीर होण्याचं कारण मुलगा सांगतो, ते 'रीझन'.

आता त्या पहिल्या मुलीचं सांगते. तिचे वडील ट्रॉलरवर जातात. नारळीपौर्णिमा झाली, बोटी गेल्या, आणि त्याच आठवड्यात मी 'अफ्रेड' घेतला होता. 'अफ्रेड ऑफ' लिहा, प्रत्येकी एक वाक्य, असं सांगितलं. कोणी साप लिहिला, कोणी पाल. तिने लिहायच्या आधी विचारलं, ताई, बाबांची भीती वाटते हे कसं लिहायचं? मी म्हटलं 'अफ्रेड ऑफ माय फादर'. ती म्हणाली तसं नाही, बाबा ओरडतात म्हणून नाही, बाबा पाण्यात असतात म्हणून. मराठीत दोन्हींना 'बाबांची भीती'च म्हणते ती. मी कोश तिच्यासमोर ठेवला. तिने नागमोडी खुणेवर बोट ठेवून शोधलं आणि खाली तिला 'फॉर' मिळालं. मग वहीत लिहिलं, 'आय अ‍ॅम नॉट अफ्रेड ऑफ द सी. आय अ‍ॅम अफ्रेड फॉर माय फादर.'

बरोबरची खूण केली आणि वही परत दिली. बोट रविवारी बंदरात लागली.

सोमवारपासून 'बद्दल' घेणार आहे. अभिनंदनाला 'ऑन', आभाराला 'फॉर', आदरालाही 'फॉर' एवढं माझ्याकडे आहे. सर, माफीला 'सॉरी अबाउट' कधी आणि 'सॉरी फॉर' कधी ते रविवारपर्यंत लिहाल का?

---

निवृत्त मास्तर, चिपळूण

लिहितो. आपल्या हातून जे झालं त्याला 'सॉरी फॉर बीइंग लेट' किंवा 'सॉरी अबाउट द मिस्टेक', दोन्ही चालतात. पण 'फॉर'च्या मागे माणूस आला, 'आय फील सॉरी फॉर हिम', की माफी संपली आणि कीव सुरू झाली. म्हणून 'सॉरी'ला माणूस लावताना जपून. तुमच्या त्या मुलीला आधी हेच विचारा, 'अफ्रेड फॉर'वरून तिला बहुतेक आपणहून सुटेल.